चार शून्यं

मी लोकांना राग आवरायला शिकवते. हसू नका. माझा स्वतःचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी माझ्या कामाचं कौतुक करायला लागलं की माझा धाकटा भाऊ हमखास म्हणतो, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं तो म्हणत नाही, म्हणायची गरजही नसते. पण एकदा का मी माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसले की वेगळी बाई होते. तिथे मी नुसती ऐकते. समोरचं माणूस रडायला लागलं तर रुमालसुद्धा पुढे करत नाही, कारण रुमाल दिला की आता पुरे, असा त्याचा अर्थ होतो.

आणि एक शिस्त पाळते. माणूस उठून गेला की लगेच त्याचं बोलणं कॉम्प्युटरवर उतरवते, त्याच्याच शब्दांत. "आईविषयी नाराजी" असलं गुळमुळीत मी लिहीत नाही. तो म्हणाला असेल "आईचं तोंड बघवत नाही", तर तेच लिहायचं. बाकीचे समुपदेशक सारांश लिहितात. मला सारांशाचा तिटकारा आहे. या शिस्तीचा मला फार गर्व होता.

खोली पहिल्या मजल्यावर. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी, जिला पाणी घालायचं मी विसरते, आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. खाली चष्म्याचं दुकान. दुकानाला जिन्याच्या बाजूनेही काच आहे. जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की आतलं काउंटर, डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवरची लहान लहान होत जाणारी अक्षरं, सगळं दिसतं. इंटरनेट दुकानाचं आणि माझं मिळून एकच. ते बाळ्याने जोडून दिलं. बाळ्या म्हणजे तोच माझा धाकटा भाऊ. केस पिकले, चाळिशी लागली, तरी बाळ्याच. कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो, माझंही आणि खालच्या चष्मेवाल्याचंही.

तर मी टॅबलेट घेतला. समोर माणूस बसलेलं असताना त्याची जुनी नोंद बघायची तर उठून कोपऱ्यात जावं लागायचं, आणि पाठ फिरवली की माणूस बोलायचं थांबतं. टॅबलेट मांडीवर ठेवता येतो. पण त्याच्यावर नोंदी काही उघडेनात. बाळ्याला बोलावलं. तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि मला समजावायला लागला. नोंदी सांभाळणारा जो प्रोग्राम आहे, म्हणजे सर्व्हर, त्याला कुठल्या पत्त्यावर कान द्यायचा ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. एकाच मशीनचे पत्ते अनेक असतात. एक आतल्या आत, मशीन स्वतःशीच बोलतं तेव्हाचा. एक बाहेर, वायरीकडे तोंड करून. आपला सर्व्हर आजवर फक्त आतल्या पत्त्यावर बसून होता, त्यामुळे बाहेर कुणाला तो आहे हेसुद्धा कळत नव्हतं. टॅबलेटला हवा असेल तर त्याला बाहेरच्या पत्त्यावर आणून बसवायचा, मग आत कुणाला घ्यायचं नि कुणाला नाही ते लिहायचं, पासवर्ड बदलायचा. तासभर लागेल, म्हणाला.

माझ्याकडे तासभर नव्हता. बाहेर एक जोडपं येऊन बसलं होतं आणि त्यांनी बाहेरच भांडायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, बाळ्या, मला शिकवत बसू नकोस, आत्ता चालू करून दे. तो म्हणाला, ताई, असं घाईने केलं तर सगळंच उघडं राहील. मी म्हटलं, राहू दे. हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने म्हटलं, आणि आवाज चढवून म्हटलं. त्याने वैतागून फाइलमध्ये काहीतरी खरडलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, आणि टॅबलेटवर नोंदी दिसायला लागल्या. जाता जाता दारातून म्हणाला, हे आजच्यापुरतं आहे, रविवारी येऊन नीट करतो, मला आठवण कर.

ती फाइल त्याने स्क्रीनवर उघडीच टाकली होती. संध्याकाळी मी पाहिली. ऐकायचा पत्ता, आणि त्याच्यापुढे चार शून्यं, मध्ये टिंबं. मला हायसं वाटलं. शून्य म्हणजे कुणी नाही. कुणाचंच ऐकू नको असं लिहिलंय, म्हणजे पठ्ठ्याने घाईतही बंदोबस्त केलाय आणि मला उगाच घाबरवतोय. मग टॅबलेटचं कसं ऐकतो, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. रविवारी मी बाळ्याला आठवण केली नाही आणि तोही विसरला, कारण त्याच्यामागे कामांचा ससेमिरा असतोच. त्या चार शून्यांचा अर्थ "या मशीनचे असतील नसतील तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर" असा होतो, हे मला कळायला फार उशीर झाला.

सिस्टर त्याच सुमारास माझ्याकडे यायला लागल्या. सिस्टर म्हणजे चष्मेवाल्याची आई. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. नवरा गेल्या वर्षी वारला. घरात आता त्या आणि तो, दोघंच. त्याचं लग्न झालेलं नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलानेच हात धरून जिना चढवला, खुर्चीपाशी आणून बसवलं आणि मला म्हणाला, बाबा गेल्यापासून आई गप्प असते हो, तिला जरा बोलतं करा. मग दार ओढून घेऊन गेला.

बोलतं व्हायला त्यांना वेळ लागला. सुरुवातीला त्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, मग झोपेबद्दल, मग हॉस्पिटलातल्या जुन्या गमतीजमती सांगितल्या. मी थांबून राहिले. आणि एके दिवशी, ओठावरचा घाम पुसावा तसं तोंडावरून हात फिरवून, त्या म्हणाल्या, "मला माझा मुलगा आवडत नाही."

मी रुमाल पुढे केला नाही. त्या रडतही नव्हत्या. त्यांनी सांगितलं की पहिल्यापासूनच असं आहे. तो झाला तेव्हा सगळे म्हणाले, दूध आलं की माया येते, बघ. दूध आलं. तो तान्हा असताना त्यांनी मागून मागून नाइट ड्यूटी घेतली. लोक म्हणायचे काय बाई कष्टाची आहे, आणि त्यांना मनात वाटायचं, मेले कष्ट, मला घरी जायचं नाही. वॉर्डात परक्यांची पोरं रडायची ते त्यांना चालायचं. परक्यांच्या जखमा धुतल्या, उलट्या काढल्या, कधी नाक मुरडलं नाही. आणि हा समोर बसून जेवायला लागला की त्याचा घास चावतानाचा आवाज त्यांना सहन होत नाही. मचमच, मचमच. बापाचाही तसाच होता. "तो जेवायला बसला की मला वाटतं उठून कुठेतरी निघून जावं. पोटचा मुलगा आहे हो. त्याने माझं काय वाकडं केलंय? एवढा करतो माझं. आणि मला त्याचा घास ऐकवत नाही."

त्या गेल्यावर मी हे सगळं लिहून काढलं. त्यांच्याच शब्दांत. मचमचसुद्धा गाळलं नाही.

पुढच्या काही भेटींत फरक पडायला लागला. सिस्टर जरा सैल बसायच्या. म्हणाल्या, हल्ली तो दुपारचा डबा दुकानातच खातो, रात्री म्हणतो भूक नाही, दूध पिऊन झोपतो. घर कसं शांत असतं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, त्याने रेडिओ आणलाय, मी जेवायला बसले की लावून देतो आणि आपण दुकानाचा हिशेब घेऊन आत जातो. मी लिहिलं: "तो समोर नसला की मला बरं वाटतं. घास गोड लागतो." आणि तुम्हाला म्हणून सांगते, मी खूश झाले. मला वाटलं, हा माझ्या हाताचा गुण. त्यांनी मनातलं ओझं उतरवलं, घरातली हवा बदलली, मुलाला आपोआप जाणवलं. असं होतं आमच्या धंद्यात, असं आम्हाला शिकवलेलं असतं. एका व्याख्यानात मी या केसचा उल्लेखही केला, नाव न घेता. टाळ्या पडल्या.

मग टॅबलेट अडखळायला लागला म्हणून बाळ्या आला. त्याने सर्व्हरची नोंदवही म्हणतात ती उघडली, कोण कधी येऊन जोडलं गेलं त्याची. एकेक ओळीवर बोट ठेवत तो खाली खाली गेला. बाळ्या गप्प बसला की समजावं काहीतरी बिनसलंय. मी विचारलं, काय रे? त्याने आधी ती फाइल उघडली, चार शून्यं खोडली, आतला पत्ता घातला, सर्व्हर बंद केला आणि पुन्हा चालू केला. माझा टॅबलेट मेला. मी म्हटलं, अरे माझं काम... तो म्हणाला, ताई, गप्प बस जरा.

मग त्याने सांगितलं. या सर्व्हरला टॅबलेट सोडून आणखी एक मशीन जोडलं जात होतं. पुन्हा पुन्हा. पत्ता खालच्या दुकानाचा. दुकानाचा प्रोग्रामही याच जातीच्या सर्व्हरवर चालतो, तो बाळ्यानेच बसवलेला, आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, कारण मला लक्षात राहत नाही म्हणून मी सोपा मागितला होता आणि त्याला तोच सगळीकडे देऊन टाकायची सवय लागली होती. चष्मेवाल्याने नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याला शोधात दोन सर्व्हर दिसले असणार. चुकून वरच्याला हात लावला असेल. आपलाच पासवर्ड टाकला, लागू पडला. एकदा चूक समजू, बाळ्या म्हणाला, पण ही चूक नाही.

माझं डोकं असं फिरलं म्हणता. लोकांचा राग कसा आवरायचा ते शिकवणारी मी दाणदाण पावलं आपटत जिना उतरले. चोर, हरामखोर, काय काय मनात जमवत गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी काच ढकलून आत शिरले तेव्हा तो काउंटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, खाली बसून जेवत होता. एरवी मी त्याला अहो-जाहो करते, त्या दिवशी अरे-तुरेवर आले. म्हटलं, लाज नाही वाटत? आईच्या मनातलं चोरून वाचतोस?

त्याने घास गिळला. तोंड मिटून, हळू, चावून चावून, आवाज न करता. त्याला तो गिळायला इतका वेळ लागला की मी पुढे जमवलेले शब्द विसरून गेले. मला तेव्हा समजलं तो तिथे, भिंतीकडे तोंड करून, काय करत होता. तो सराव करत होता.

नाकारलं नाही त्याने. यादीत दोन सर्व्हर दिसले, म्हणाला, मला वाटलं दोन्ही माझेच. उघडलं तर नावं होती. आईचं नाव दिसलं. बंद करायला हवं होतं, मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण पहिलं वाक्य दिसलं आणि मग बंद करता येईना. त्यानंतर आई वरून खाली आली की तो संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी उघडून वाचायचा. मी विचारलं, कशासाठी? एवढं लागलं असताना पुन्हा कशासाठी?

"म्हणजे काय सुधारायचं ते कळायचं ना," तो म्हणाला.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. मी ज्याला माझ्या हाताचा गुण म्हणत होते, ज्यावर टाळ्या घेतल्या, तो गुण हा होता: एक चाळिशीचा माणूस भिंतीकडे तोंड करून जेवायला शिकत होता, आणि शिकवायला पुस्तक माझं होतं. मी त्याला शिव्या द्यायला आले होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, मीच उघडं ठेवायला लावलं. त्याने ते कानावरही घेतलं नाही. त्याचं म्हणणं एकच होतं. आईला सांगू नका. बाबा गेल्यापासून आत्ता कुठे ती हसते आहे. तिला कळलं की मी वाचलंय, तर ती आयुष्यभर माझ्यासमोर मान वर करणार नाही. "माझं काय, माझी सवय होईल. तिला नका सांगू."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. वर आले. बाळ्या खुर्चीत डोकं धरून बसला होता. म्हणाला, ताई, सांगावं लागेल, बाकीच्या लोकांनाही सांगावं लागेल की अमुक दिवसांत तुमच्या नोंदी उघड्या होत्या. मी म्हटलं, ते करूच. बाकीच्यांना फोन केले, एकेकाला. दोघांनी मला झापलं, एकाने यायचं बंद केलं, ते मी निमूट सोसलं. सिस्टरना मात्र फोन केला नाही. स्वतःला म्हटलं, त्यांना समोर बसवून सांगू. खरं कारण हे की गप्प राहिल्याने सगळ्यांचंच भलं होत होतं. मुलाला तेच हवं, आईला सुख, आणि माझी अब्रू शाबूत. इतकं सगळ्यांच्या सोयीचं असलं की माणसाने संशय घ्यावा.

सिस्टर आल्या त्या दिवशी त्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलायला लागल्या. काल त्याला यायला उशीर झाला, कुठेतरी चष्मे पोचवायला गेला होता. त्यांनी ताट वाढून घेतलं, रेडिओ स्वतःच लावला. आणि घास घशाखाली उतरेना. रेडिओ बंद केला. दाराकडे बघत बसल्या. तो आला, चपला काढल्याचा आवाज आला, आणि त्यांना काय झालं कळेना, डोळ्यांत पाणीच आलं. "मी त्याची वाट बघत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याची वाट बघत होते. असं असतं होय हे? बाकीच्या बायकांना हे फुकटात मिळतं?" त्या हसत होत्या, हाताच्या पाठीने डोळे पुसत होत्या. "मला आवडायला लागलाय तो. आता म्हातारपणी."

मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. त्यांचा तो चेहरा पाहिला आणि माझं तोंड उघडलं नाही. त्या गेल्यावर मी शिस्तीने सगळं लिहून काढलं, त्यांच्याच शब्दांत, त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, जो आता फक्त स्वतःशीच बोलत होता. रात्री घरी जेवताना माझ्या नवऱ्याने विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावर डाफरले. मग ताटावरून उठून गेले. त्याने काय केलं होतं बिचाऱ्याने?

पुढच्या भेटीला मी त्यांना बसू दिलं, पाणी दिलं, आणि सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. मी घाई केली, मी शून्यांचा उलटा अर्थ लावला, तुमचं बोलणं इतके दिवस बाहेर उघडं होतं, आणि ते तुमच्या मुलाने वाचलं. त्याने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगते आहे, कारण बोलणं तुमचं होतं.

सिस्टरनी चष्मा काढला. त्याच्या काचा पुसल्या, पुसत राहिल्या.

"नाइट ड्यूटीचं?"

"हो."

"जेवणाचं?"

"हो."

"तरीच," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, "तरीच रात्रीचं दूध." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं आता माझी खरडपट्टी काढतील, आणि काढावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी विचारलं, "आणि मागच्या वेळचं? मी वाट बघितली ते?"

मी सांगितलं, ते नाही. त्याच्या आधीच आम्ही बंद केलं.

त्या मग टेबलावर दोन्ही हात ठेवून पुढे झुकल्या, एखाद्या ऑफिसात काम अडलेलं माणूस झुकतं तशा. म्हणाल्या, तुमच्या भावाला सांगा, एक दिवस परत उघडा म्हणावं. एकच दिवस. तो वाचेल आणि मग बंद करून टाका. मी कबूल करते, माझ्या मनात आलं की करावं. बाळ्याला दोन मिनिटांचं काम होतं, चार शून्यं लिहायची आणि सर्व्हर बंद करून चालू करायचा. मी म्हटलं, सिस्टर, असं नाही करता येत. ते तुम्हीच त्याला सांगायला हवं.

"मला सांगता येत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी बोलले ना. तुमच्यापाशी बोलले. त्याला जे कळायला नको होतं ते सगळं तुम्ही त्याच्यापर्यंत जाऊ दिलंत. आणि हे एवढंच तेवढं नीट सांभाळून ठेवलंत."

त्यांनी पिशवी उचलली आणि दाराकडे गेल्या. मी आधार द्यायला उठले तर हाताने नको म्हणाल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून, त्या उतरल्या. मी मागोमाग वळणापर्यंत गेले आणि तिथे थांबले. खाली जायचं धाडस झालं नाही आणि परत फिरायचंही नाही.

काचेतून आत दिसत होतं. तो तसाच, भिंतीकडे तोंड करून डबा खात होता. आई आत आलेली बघून गडबडीने झाकण लावलं, तोंड पुसलं, उभा राहिला. काय हवंय विचारलं असणार. सिस्टर उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला, बहुतेक सैल झालाय असं काहीतरी म्हणाल्या. त्याने बारीक पेचकस घेतला, दांड्या घट्ट केल्या, काचेवर फुंकर मारली, आणि स्वतःच्या हाताने त्यांना घालून दिला. काम झालं. आता त्या जातील म्हणून तो थांबला. त्या गेल्या नाहीत. गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून काउंटरपाशी बसल्या आणि डब्याकडे बोट दाखवलं.

त्याने मान हलवली, नको. त्यांनी झाकण स्वतःच काढलं. तो बसला. एक लहानसा घास घेतला, ओठ घट्ट मिटले, आणि आईकडे न बघता चावायला लागला, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. मानेची शीर ताणलेली मला वळणावरून दिसत होती. सिस्टरनी थोडा वेळ पाहिलं. मग डब्यातली काकडीची एक फोड उचलली, तोंडात टाकली, आणि त्याच्याकडे बघत, तोंड उघडं टाकून, चावायला लागल्या. कचाकचा. काचेच्या अलीकडे काही ऐकू येत नव्हतं, पण नुसतं बघून मला तो आवाज कळत होता. आयुष्यभर ज्या बाईने ताटावर बसून पाण्याचा घोटही आवाज न करता घेतला असेल, ती जबडा हलवत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

तो चावायचा थांबला. आईकडे पाहत राहिला. त्याला कळलं. तिला माहीत आहे हे कळलं, आणि कुणी सांगितलं तेही कळलं. तिला सांगू नका एवढंच मला सांगितलं होतं त्याने, बाकी काही मागितलं नव्हतं. त्याने मान वळवून काचेतून जिन्याकडे पाहिलं. मी तिथे उभी होते. मला तोंड लपवायला जागा नव्हती आणि मी लपवलंही नाही. सिस्टरनी हात लांब करून त्याची हनुवटी धरली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि दुसरी फोड त्याच्यापुढे धरली.